अंगच्या गुणावर उपजीविका

‘उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी’ ही म्हण आपल्या घरोघरी ठाऊक आहे; परंतु मुलांच्या भवितव्याचा विचार करिताना आपण ती नेमकी उलट वाचतो. परीक्षा संपली की घरात पहिला प्रश्न निघतो तो ‘नोकरी कोठे मिळेल?’ हा. ‘ह्याच्या अंगी कोणता गुण आहे?’ असे क्वचितच विचारिले जाते. नोकरी हलकी आहे असे आमचे म्हणणे नाही. प्रामाणिकपणे केलेली चाकरीही प्रतिष्ठेचीच होय. तथापि मागणाऱ्या प्रत्येकाला पुरतील इतक्या नोकऱ्या नाहीत, आणि प्रत्येकाचा गुण कचेरीच्या चौकटीत बसतोच असेही नाही. यास्तव अंगच्या गुणावर स्वतंत्रपणे पोट कसे भरता येते, ह्याचा येथे विचार करू.

प्रथम एक चरित्र पाहा. लक्ष्मणराव किर्लोस्कर ह्यांचा जन्म 1869 साली बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. चित्रकलेची आवड म्हणून ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. परंतु त्यांच्या दृष्टीत रंगभेद ओळखण्याचा दोष आहे असे तेथे आढळून आले. चित्रकार होऊ पाहणाऱ्या तरुणावर ह्याहून मोठा आघात कोणता? दुसरा एखादा ‘आपल्यात गुणच नाही’ म्हणून घरी परतला असता. लक्ष्मणरावांनी मात्र आपल्या गुणाची फोड करून पाहिली. रंग गेले, तरी रेषा हाती होती. आणि यंत्रांच्या आकृती काढावयास रंग लागत नाहीत. त्यांनी तो विषय आत्मसात केला, आणि पुढे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते शिक्षक झाले.

ह्यानंतरची त्यांची वाटचाल अधिक बोधप्रद आहे. 1888 साली बेळगावी सायकलींचे लहानसे दुकान निघाले. लक्ष्मणरावांनी मुंबईहून सायकली पाठवावयाच्या व बंधू रामुअण्णांनी त्या बेळगावात विकावयाच्या, असा क्रम होता. म्हणजे महिन्याचा पगार हाती असतानाच धंद्याची परीक्षा चालली होती. पुढे अपेक्षित बढती दुसऱ्यास मिळाली, तेव्हा त्यांनी राजीनामा दिला. परंतु पाय टेकावयास जागा आधीच तयार झाली होती.

बेळगावी त्यांनी कडबा कापण्याचे यंत्र व पाठोपाठ लोखंडी नांगर तयार केला. लोखंडाने जमीन विषारी होते, ह्या समजुतीमुळे शेतकरी नांगरास हात लावावयास धजेनात. माल चांगला असूनही पडून राहिला. चांगली वस्तू बनविणे हे निम्मेच काम. ज्यासाठी ती बनविली त्याचा विश्वास संपादन करणे हे उरलेले निम्मे काम होय. चिकाटीने तेही साधले. पुढे कारखान्याची जागा सोडण्याची पाळी आली, तेव्हा औंधच्या राजेसाहेबांनी आपल्या संस्थानात जागा दिली, आणि 1910 साली कुंडलजवळच्या निवडुंगाने भरलेल्या माळावर किर्लोस्करवाडी वसली.

एवढा मोठा कारखाना आपल्याच्याने कसा निघणार, असे कोणी म्हणेल. त्याने दुसरे उदाहरण पाहावे. 1959 साली मुंबईच्या गिरगावात सात गृहिणींनी 80 रुपये उसने घेऊन पापड लाटण्यास आरंभ केला. पहिल्या दिवशी पापडांची अवघी चार पुडकी झाली. पापड लाटणे हा गुण घराघरांत होता; ह्या भगिनींनी त्यास नियम व शिस्त ह्यांची जोड दिली. धर्मादाय देणगी घ्यावयाची नाही आणि मालाचा कस उतरू द्यावयाचा नाही, असा त्यांचा निश्चय होता. तोच आज सर्वांना ठाऊक असलेला लिज्जत पापडाचा उद्योग होय.

आता हिशेबाकडे वळू. कारण गुणी माणसे बहुधा येथेच फसतात. समजा, एक विद्यार्थिनी कापडी पिशव्या शिवते. एका पिशवीस 40 रुपयांचे कापड व 5 रुपयांचे दोरा-बंद लागतात. पिशवी ती 80 रुपयांस विकते व ‘35 रुपये नफा झाला’ म्हणून आनंद मानते. परंतु तिचा एक तास गेला, त्याचे काय? शिवणयंत्र झिजते, त्याचे काय? तासाची मजुरी 50 रुपये व यंत्राची झीज 5 रुपये धरली, तर पिशवी तिला 100 रुपयांस पडते. म्हणजे दर पिशवीमागे 20 रुपयांची खोट आहे. स्वतःच्या श्रमाची किंमत न धरणे हे औदार्य नव्हे, ते अज्ञान होय. ह्या मुलीने एक तर पिशवी अधिक सुबक करून योग्य किंमत घ्यावी, नाही तर तेच काम कमी वेळात करण्यास शिकावे.

विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावयाच्या गोष्टी त्या ह्या:

1. आवड व गुण ह्यांत भेद आहे. आपल्या कामास परका मनुष्य आपखुशीने पैसे देतो काय, ही गुणाची खरी कसोटी.

2. गुण उपजत असला, तरी कौशल्य अभ्यासाने येते. शिक्षण अर्धवट टाकून धंद्यात उडी घेऊ नये.

3. आरंभ लहान असावा, आणि कर्ज बेताचे असावे.

4. घरखर्च व धंद्याचा पैसा ह्यांच्या वह्या निराळ्या ठेवाव्यात.

5. दिलेली मुदत पाळावी. उशिरा मिळालेला लग्नाचा पोशाख कितीही सुंदर असला, तरी तो कोणाच्या उपयोगाचा?

पालकांसही एक विनंती आहे. आपली चिंता आम्ही जाणतो. पगार ठरल्या दिवशी येतो, गिऱ्हाईक तसे येत नाही. म्हणून मुलाच्या प्रत्येक छंदास धंदा समजा, असे आम्ही सांगत नाही. काही गुण मनाच्या विरंगुळ्यासाठीच असतात, व तेही मोलाचेच आहेत. परंतु मुलगा सुतारकाम करितो किंवा मुलगी यंत्र उघडून पुन्हा जोडते, तेव्हा ‘हे उद्योग सोड’ असे म्हणण्यापूर्वी क्षणभर थांबावे. सुटीत त्यास एखाद्या जाणत्या कारागिराकडे पाठवावे, थोडे भांडवल द्यावे, व त्याचा हिशेब मात्र पैपर्यंत मागावा. गुण खरा असेल तर तो त्या हिशेबात दिसेल. नसेल, तर थोडक्या खर्चात मोठा धडा पदरी पडेल.