गळ्यातली सुरी कशी असावी?

प्रश्न : तंबाखूचे शेंडे खुडायला, सुतळी कापायला गळ्यात अडकवता येईल अशी छोटी सुरी गावच्या लोहाराकडून करून घ्यायची आहे. काय सांगावे? (एक शेतकरी, निपाणी)

उत्तर : पाते अडीच इंच पुरे, जाडी दोन मिलिमीटर. मोटारीच्या कमानपाट्याचे पोलाद उत्तम. लोहचुंबक चिकटेनासे झाल्यावर थोडे आणखी तापवून ते तेलात बुडवावे. मग घासून चकचकीत करावे आणि गव्हाळ पिवळी झाक येईपर्यंत मंद शेकावे. हे टाळले तर धार टवके उडून जाते. हे पोलाद घामाने गंजते, म्हणून रोज पुसून तेलाचा हात फिरवा.

सुरी उलटी, मूठ खाली अशी लटकते. त्यामुळे म्यान घट्टच हवे. पीव्हीसी पाइपचा तुकडा गरम करून पात्यावर दाबला की छान बसतो. चामडे घाम पिते.

शस्त्र नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पाती येतात, शेतीची अवजारे वगळून. तरी बेळगावला कोर्टकचेरीत जाताना सुरी घरीच ठेवा.

दोरी मात्र हिसका बसताच तुटेल अशी कच्चीच घ्या. मळणीयंत्राजवळ किंवा उसाच्या चरकाजवळ जाण्याआधी तीही गळ्यातून काढा.