प्रोजेक्शन टीव्ही लागत नाही? लॅम्प मागवण्याआधी हे तपासा



१ जून ते ३१ जुलै हे बंदीचे ६१ दिवस आले की आपल्या सभागृहाचा वापर वाढतो. लाईफ जॅकेट आणि जीपीएसचे प्रशिक्षण, अनुदानाच्या अर्जांची माहिती, हिशेबाची बैठक, सगळे याच दिवसांत. आणि नेमके त्याच वेळी, दमट हवेत, मोठा टीव्ही लागत नाही. मग कोणीतरी म्हणतो, "लॅम्प गेला, नवीन मागवा." लॅम्प हा या टीव्हीत वारंवार बदलाव्या लागणाऱ्या भागांपैकी सगळ्यात महाग. तो मागवला, बसवला आणि तरीही टीव्ही लागला नाही, तर गेलेले पैसे सभासदांचे.

म्हणून हा पाठ. सांगायचे एकच आहे: टीव्ही कसा बंद पडतो ते आधी नीट बघा. दोष कुठे आहे ते बऱ्याच वेळा त्यावरूनच कळते. लॅम्प मागवायचा तो त्यानंतर.

बोटीचे इंजिन स्टार्ट झाले नाही तर आपण लगेच पंप खोलत नाही. डिझेल आहे काय, बॅटरीचे टर्मिनल सैल आहे काय, लाईनमध्ये एअर आली काय, हे आधी बघतो. इथेही तोच क्रम.

हा टीव्ही वेगळा कसा

आपल्याकडचे बरेच प्रोजेक्शन टीव्ही तारवटी मंडळींनी परत येताना आणलेले. यांचे उत्पादन आता बंद आहे. मोठ्या कंपन्यांपैकी शेवटपर्यंत टिकलेल्या मित्सुबिशीनेही २०१२ च्या शेवटी ते थांबवले. पेटीच्या आत एक लहान पण फार तेजस्वी लॅम्प असतो. त्याचा उजेड चित्र तयार करणाऱ्या चिपवरून किंवा काचपट्ट्यांतून जातो आणि मागच्या बाजूने पडद्यावर पडतो. छताला टांगतात त्या लॅम्पवाल्या प्रोजेक्टरचे कामही असेच, त्यामुळे खालची बहुतेक तपासणी त्यालाही लागू पडते.

हा लॅम्प घरातल्या बल्बसारखा नाही. त्यात तार नसते. दोन टोकांमध्ये साधारण १ मिलिमीटर अंतर असते आणि त्या फटीत विजेची ठिणगी सतत जळत राहते. काचेच्या आत पारा असतो. चालू असताना आतला दाब वातावरणाच्या सुमारे २०० पट होतो. ठिणगी पहिल्यांदा पेटवायला हजारो व्होल्टचा झटका लागतो. तो देणारा भाग म्हणजे बॅलास्ट, म्हणजे ट्यूबलाईटच्या चोकचा मोठा भाऊ.

लॅम्प पेटण्यासाठी म्हणजे चार गोष्टी जाग्यावर हव्यात: येणारी वीज, लॅम्पच्या झाकणाचा स्विच, बॅलास्ट आणि लॅम्प. शिवाय पंखा चालायला हवा. यांतले एक जरी बिघडले तरी पडदा काळाच राहतो. बाहेरून सगळे सारखेच दिसते, म्हणून घाई होते.

पहिला प्रकार: काहीच हालचाल नाही

पुढची छोटी लाल लाईटसुद्धा लागत नाही, आवाज नाही. इथे लॅम्पवर संशय घेऊ नका. लॅम्प गेलेला असला तरी ती लाईट लागते. दोष विजेच्या बाजूचा आहे.

त्याच सॉकेटमध्ये टेबल फॅन लावून बघा. एक्स्टेन्शन बोर्ड काढून टीव्ही सरळ भिंतीच्या सॉकेटमध्ये लावा. जेटीजवळच्या खाऱ्या हवेने पिन हिरव्या पडतात, त्या घासून साफ करा. मागच्या बाजूला कॉर्ड पूर्ण आत बसली आहे काय ते बघा.

मग टीव्हीच्या पाठीवरची पट्टी वाचा. "१००–२४० व्होल्ट" लिहिले असेल तर चिंता नाही. पण अमेरिकेतून आणलेल्या टीव्हीवर "१२० व्होल्ट, ६० हर्ट्झ" असे असू शकते. आपल्याकडे वीज २३० व्होल्टची. असा टीव्ही सरळ लावला तर आतला पॉवर बोर्ड जळतो. त्याला व्होल्टेज कमी करणारा ट्रान्सफॉर्मर लागतो, आणि तो टीव्हीच्या वॅटच्या साधारण दुप्पट क्षमतेचा असावा. पट्टीवर २५० वॅट असतील तर ५०० चा घ्या. असा ट्रान्सफॉर्मर आधीपासून लावलेला असेल तर पहिला संशय त्याच्यावर. त्याचा फ्यूज उडालेला असू शकतो.

हे सगळे बरोबर असूनही टीव्ही मेलेलाच असेल तर आतला फ्यूज किंवा पॉवर बोर्ड गेला आहे. गडगडाटाच्या रात्री टीव्ही प्लगमध्ये राहिला असेल तर ते कारण मेकॅनिकला जरूर सांगा.

दुसरा प्रकार: चालू होतो, धडपडतो, बंद पडतो

बटण दाबले, पंखा फिरला, आतून टिक-टिक आवाज आला, थोडे थांबून पुन्हा तसेच, आणि शेवटी टीव्ही बंद. पुढे लॅम्पची लाईट लुकलुकते. काही टीव्हींत आवाज ऐकू येतो पण चित्र नाही. इथे वीज येते आहे. आता तीन संशयित: झाकण, लॅम्प, बॅलास्ट.

झाकण आधी, कारण त्याला पैसे लागत नाहीत. लॅम्पच्या झाकणामागे एक छोटा स्विच असतो. झाकण अर्धवट बसले किंवा स्क्रू सैल राहिला तर तो दाबला जात नाही, आणि टीव्ही लॅम्पला वीजच देत नाही. साफसफाईनंतर किंवा टीव्ही हलवल्यानंतर बंद पडला असेल तर हेच बघा.

मग लॅम्प. प्लग काढा, लॅम्प निदान अर्धा तास थंड होऊ द्या, मग बाहेर काढा. काच फुगलेली, तडकलेली किंवा आतून काळी-पांढुरकी झालेली असेल तर लॅम्प गेला, शंका नको. पण दिसायला चांगला असलेला लॅम्पही गेलेला असू शकतो.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. या लॅम्पला मल्टिमीटर लावू नका. आत तारच नाही, फट आहे. त्यामुळे चांगला लॅम्पही मीटरवर "ओपन" दाखवतो आणि गेलेलाही तेच दाखवतो. मीटर बघून कोणी "लॅम्प गेला" म्हणाला तर ते निदान धरू नका.

आता कान द्या. टिक-टिक किंवा चर्र असा आवाज येतो म्हणजे बॅलास्ट ठिणगी टाकण्याचा प्रयत्न करतो आहे, तेव्हा लॅम्पवर संशय जास्त. काहीच आवाज नाही तर बॅलास्ट किंवा त्याच्या मागचा बोर्ड. खात्रीची परीक्षा एकच: त्याच नंबरचा, दुसऱ्या टीव्हीत चालणारा लॅम्प थोड्या वेळासाठी मागून आणून लावून बघणे. पेटला तर आपला लॅम्प गेलेला. नाही पेटला तर लॅम्पवर पैसे घालू नका.

तिसरा प्रकार: चित्र येते, थोड्या वेळाने जाते

पाच-दहा मिनिटे बरोबर चालतो, मग बंद. थंड झाल्यावर पुन्हा तेवढाच चालतो. हे बहुतेक उष्णतेचे काम. जाळी धुळीने भरलेली, पंखा अडकलेला, किंवा टीव्ही भिंतीला चिकटून ठेवलेला. जाळी असेल तर काढून साफ करा, मागे हातभर जागा सोडा, पंखा फिरतो की नाही बघा. तरीही तसेच झाले तर लॅम्प म्हातारा झाला आहे काय ते बघा. जुन्या लॅम्पच्या टोकांमधले अंतर झिजून वाढते आणि बॅलास्टला तो सांभाळणे कठीण जाते.

बंद पडण्याला वेळेचा नियम नसेल तर मात्र वीज बघा. बर्फाच्या कारखान्याचा कॉम्प्रेसर चालू होताना दिवे क्षणभर मंद होतात, हे आपण रोज बघतो. तेवढ्या बुडीतही लॅम्पची ठिणगी विझू शकते. आणि गरम लॅम्प लगेच पुन्हा पेटत नाही, कारण आतला दाब तेव्हा फार असतो. काही मिनिटे थांबावेच लागते. अशा वेळी पुन्हा पुन्हा बटण दाबू नका. साधा स्टॅबिलायझर क्षणभराची बुडी सांभाळत नाही, त्याला यूपीएस हवा, तोही शुद्ध साइन वेव्हचा. यूपीएसचा दुसरा फायदा असा की वीज गेली तरी टीव्ही रीतसर बंद करता येतो आणि लॅम्प थंड होईपर्यंत पंखा चालतो. पंखा अचानक थांबला की लॅम्पचे आयुष्य कमी होते. म्हणून बैठक संपल्यावर आधी टीव्ही बंद करा, पंखा थांबू द्या, मगच मेन स्विच.

चौथा प्रकार: चित्र मंद, पिवळट किंवा लुकलुकते

इथे लॅम्प म्हातारा झाला असण्याची शक्यता सगळ्यात जास्त. पण पडद्यावर पांढरे ठिपके वाढत असतील किंवा एकाच जागी रंगाचा डाग असेल तर तो लॅम्पचा दोष नाही, चित्र तयार करणाऱ्या भागाचा आहे. नवीन लॅम्पने तो जाणार नाही.

नवीन लॅम्प बसवताना

लॅम्पच्या घरट्यावर छापलेला नंबर जुळवूनच मागवा. काचेला बोट लावू नका. बोटाचे तेल तापून काच त्या जागी कमजोर होते. लागलेच तर स्पिरिटने पुसा. झाकण घट्ट बसवा. मग मेनूमधला लॅम्पच्या तासांचा आकडा शून्यावर आणा, नाहीतर नवीन लॅम्पलाही टीव्ही "बदला" म्हणत राहील.

हात कुठे लावायचा नाही

लॅम्पचे झाकण सोडून पाठ उघडू नका. आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यानंतरही ३०० व्होल्टच्या वर वीज काही वेळ राहते. ते काम जाणत्या मेकॅनिकचे. तीन पिनांच्या प्लगची अर्थची पिन तोडून दोन पिनांत लावू नका. पावसाळ्यात ओल्या लादीवर अनवाणी उभे राहणाऱ्याला ते जिवावर बेतू शकते. आणि पेटलेल्या लॅम्पकडे सरळ बघू नका.

लॅम्प फुटला तर, म्हणजे चालू असताना मोठा आवाज होऊन पडदा काळा झाला तर, टीव्ही बंद करा, प्लग काढा, खिडक्या उघडा आणि सगळ्यांना अर्धा तास बाहेर ठेवा. झाडू किंवा व्हॅक्यूम मारू नका, पारा हवेत पसरतो. हातमोजे घालून काचा जाड पुठ्ठ्याने गोळा करा, बारीक कण चिकटपट्टीने उचला आणि सगळे झाकणाच्या बरणीत बंद करा.

ती बरणी आणि जुना लॅम्पसुद्धा कचऱ्यात टाकू नका, खाडीत तर मुळीच नको. एका लॅम्पमध्ये पारा फार थोडा असतो, काही मिलिग्रॅम. पण पाण्यात गेलेला पारा नाहीसा होत नाही. चिखलातल्या जीवाणूंमुळे त्याचे विषारी रूप तयार होते, ते लहान माशात, मग मोठ्या माशात साठत जाते. जपानच्या मिनामाता गावात एका कारखान्याच्या सांडपाण्यातून वर्षानुवर्षे असेच विष समुद्रात गेले. १९५६ मध्ये तो रोग अधिकृतपणे नोंदला गेला, आणि सर्वांत आधी भोगले ते तिथल्या मच्छीमार कुटुंबांनी, कारण रोजचे जेवण तेच मासे. पाऱ्याचा वापर आटोक्यात आणणाऱ्या २०१३ च्या जागतिक कराराला त्या गावाचेच नाव आहे. आपण ज्या पाण्यावर जगतो त्यात आपल्या हाताने पारा जाऊ नये, एवढे तरी आपण पाळू शकतो. जुने लॅम्प कार्यालयात आणून द्या. अधिकृत ई-कचरा गोळा करणाऱ्याकडे ते एकत्र पाठवता येतील.

कार्यालयाला कळवताना

आपल्या घरच्या किंवा वाड्यावरच्या टीव्हीबद्दल विचारायचे असेल तर पुढील माहिती लिहून पाठवा:

१) टीव्हीचा मॉडेल नंबर आणि पाठीवरच्या पट्टीवरचे व्होल्ट
२) लॅम्पच्या घरट्यावरचा नंबर
३) पुढच्या लाईटचा रंग, आणि ती किती वेळा लुकलुकून थांबते
४) टिक-टिक आवाज येतो काय, पंखा फिरतो काय
५) किती मिनिटांनी बंद पडतो, आणि त्या वेळी इतर दिवे मंद होतात काय

लुकलुकण्याची संख्या नीट मोजा. टीव्हीच्या पुस्तिकेत त्या संख्येचा अर्थ दिलेला असतो आणि मेकॅनिकचा अर्धा वेळ त्याने वाचतो. एवढे हातात असले की दुरुस्ती करायची, लॅम्प घ्यायचा की नवीन एलईडी टीव्हीसाठी पैसे जमवायचे, हे ठरवणे सोपे जाते. सभागृहातल्या टीव्हीचीही हीच यादी आम्ही भरून ठेवणार आहोत आणि खर्चाचा विषय येण्याआधी ती संचालक मंडळासमोर मांडू.

आपले,
सचिव व कार्यालय