‘साभार’ छापलं की भागतं का?

प्रश्न : वडिलांच्या आठवणींचं पुस्तक स्वखर्चाने काढतो आहे. प्रती तीनशेच. मुखपृष्ठावर जुन्या ‘दीपावली’ अंकातलं दीनानाथ दलालांचं चित्र आणि आत गूगलवर सापडलेले काही फोटो घ्यायचे आहेत. खाली ‘साभार’ छापलं की भागेल ना? – एक वाचक, मिरज

उत्तर : नाही भागणार. आभार मानणं हे सौजन्य झालं. परवानगी आधी घ्यावी लागते. प्रती तीनशे असोत की तीस, ‘खासगी वितरणासाठी’ असा शिक्का मारला तरी कायद्यातून सुटका नाही.

१९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार चित्रकाराच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या चित्रावरचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो आणि ही मोजणी पुढच्या १ जानेवारीपासून होते. दलाल १९७१मध्ये गेले, म्हणजे २०३१ संपेपर्यंत थांबा किंवा त्यांच्या हक्कदारांना विचारा. राजा रविवर्मा १९०६मध्ये गेले, त्यांच्या चित्रांवरचा हक्क केव्हाच संपला. फोटोचं गणित २०१२पर्यंत वेगळं होतं : तो प्रसिद्ध झाल्यापासून ६० वर्षं. आता फोटोलाही छायाचित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हाच नियम.

गूगल हे फोटो शोधायचं साधन, मालक नव्हे. मूळ छायाचित्रकार गाठा आणि परवानगी लेखी घ्या. ‘वापरा की, त्यात काय’ या तोंडी उदारपणावर पुस्तक छापू नका. लेखी परवानगीतही मुदत आणि प्रदेश नमूद नसेल, तर कायदा पाच वर्षं आणि फक्त भारत एवढंच धरतो. मग सहाव्या वर्षी दुसरी आवृत्ती निघाली, किंवा ई-पुस्तक शिकागोत विकलं गेलं, की पंचाईत! म्हणून छापील, ई-पुस्तक, पुढच्या आवृत्त्या, जगभर विक्री, जाहिरात हे सगळं त्या कागदावर आणा. अनेक हौशी लेखक नेमकं हेच विसरतात.

क्रिएटिव्ह कॉमन्स या खुल्या परवान्याचे फोटो फुकट मिळतात, पण अटी वाचा. ‘एनसी’ (व्यावसायिक वापर नको) असेल तर विकायच्या पुस्तकात नको. ‘एनडी’ (बदल नको) असेल तर रंग बदलून, त्यावर शीर्षक चढवून मुखपृष्ठ करायला जाऊ नका. छायाचित्रकाराचं नाव आणि परवान्याचा प्रकार छापणं तर आलंच.

आणि मुखपृष्ठासाठी इतकी शोधाशोध कशाला? वडिलांनी स्वतः पैसे मोजून स्टुडिओत काढून घेतलेला एखादा फोटो घरात असेलच. वेगळा करार झालेला नसेल तर अशा फोटोचा पहिला मालक पैसे देणारा ग्राहक असतो, स्टुडिओवाला नव्हे. मी तोच घेतला असता.