एकाच घरचे शब्द, वेगळ्या चुली

घर जर्मनीत, आखेनला. नोकरी सीमेपलीकडे, नेदरलँड्समध्ये. ऑफिसचा कारभार इंग्रजीत. त्यामुळे जर्मन, डच आणि इंग्रजी या तिन्ही भाषा रोज कानावर पडतात. तिन्ही पश्चिम जर्मानिक कुळातल्या. नवीन आलेला मराठी माणूस सुरुवातीला खूश असतो, कारण 'हाऊस', 'हाउस' आणि 'हॉइस' ऐकून आपल्याला अर्धी भाषा आधीच येते असं त्याला वाटतं. खरी परीक्षा पुढे असते. इथे येणाऱ्या मराठी मुलामुलींना मी जे सांगत असते, ते असं.

१. ओळखीचा वाटला म्हणून शब्दावर विसंबू नये.

आमच्या इमारतीच्या तळघरात भिंतीला लागून एक काळी प्लास्टिकची पेटी असते. वर कवटीचं चित्र, खाली ठळक अक्षरांत 'गिफ्ट'. आत उंदरांचं औषध. जर्मनमध्ये गिफ्ट म्हणजे विष. डच आयकराच्या फॉर्मात मात्र 'खिफ्टन' असा भाग असतो. स्पेलिंग तेच, फक्त डच 'ग'चा उच्चार 'ख'कडे झुकतो. त्यात धर्मादाय संस्थांना दिलेल्या देणग्या लिहायच्या. विषाला डच माणूस म्हणतो 'खिफ', शेवटचा 'ट' गाळून.

सगळ्यांचं मूळ एकच, 'देणे' हे क्रियापद. ग्रीक 'दोसिस'चा अर्थही 'देणे' आणि त्यावरून वैद्याने दिलेली मात्रा. जर्मनांनी त्या वळणावर 'गिफ्ट' वापरला आणि औषधाची मात्रा पुढे विषाची झाली. जुना अर्थ 'मिटगिफ्ट' या जर्मन शब्दात शिल्लक आहे. मिटगिफ्ट म्हणजे हुंडा! जुन्या इंग्रजीतही या शब्दाचा संबंध लग्नातल्या देण्याशीच होता.

२. अर्थ सरळ रस्त्याने जात नाही.

डच बाई शेजारणीच्या मुलाला 'स्लिम' म्हणाली, तर इंग्रज समजेल मुलगा सडपातळ आहे. जर्मनाच्या कानावर 'श्लिम' पडेल, म्हणजे वाईट. बाईला म्हणायचं असतं की पोरगा हुशार आहे.

मूळ अर्थ यातला एकही नाही. जुन्या डच आणि जर्मनमध्ये हा शब्द तिरक्या, वाकड्या वस्तूसाठी होता. जर्मनमध्ये वाकड्याचं वाईट झालं. डचमध्ये वाकड्याचा कावेबाज, कावेबाजाचा चतुर आणि चतुराचा हुशार झाला. इंग्रजीने सतराव्या शतकात तो डचांकडून घेतला. तिथे तो 'किरकोळ, बारीक' या अर्थावर स्थिरावला. 'स्लिम चान्स'मध्ये ती किरकोळपणाची छटा अजून आहे. दक्षिण आफ्रिकेतले बोअर सेनानी पीट जुबेर यांना 'स्लिम पीट' म्हणत, ते त्यांच्या अंगकाठीमुळे नव्हे, धूर्तपणामुळे. आपण कुणाचं बोलणं 'तिरकस' म्हणतो आणि कुणी 'वाकड्यात शिरला' म्हणतो, तेव्हा आपणही कोनावरून स्वभावाकडेच जातो.

३. शब्द लिंगासकट पाठ करावा.

डचमध्ये 'झे' म्हणजे समुद्र आणि 'मेर' म्हणजे तलाव. जर्मनमध्ये 'मेर' म्हणजे समुद्र. 'झे' मात्र पुल्लिंगी असला तर तलाव, स्त्रीलिंगी असला तर समुद्र. म्हणून बोडनझे हा तलाव आणि नॉर्डझे हा समुद्र. त्यातही उत्तर जर्मनीची बोली डचला जवळची. हॅनोव्हरजवळचा श्टाइनहुडर मेर नावाने समुद्र असला तरी आहे तलावच.

डचांनी तर समुद्राचा तलाव करून दाखवला. १९३२ साली सुमारे ३२ किलोमीटरचा बांध घालून त्यांनी झाउडरझे ही खाडी समुद्रापासून तोडली. खारं पाणी हळूहळू गोडं झालं आणि नावातला 'झे' जाऊन 'मेर' आला: आयसेलमेर. शिफोल विमानतळ उभा आहे तो परिसर हार्लेमरमेर. त्यातलं पाणी १८५२ मध्ये उपसून संपलं, तरी नावातला तलाव आटलेला नाही.

४. वेळ ठरवताना आकडे बोलावेत.

इंग्रजाचं 'हाफ टेन' म्हणजे साडेदहा. डच 'हाल्फ टीन' आणि जर्मन 'हाल्प त्सेन' म्हणजे साडेनऊ, कारण त्यांच्या हिशेबात दहावा तास अर्धा झालेला असतो. इंग्रज आणि जर्मन यांची बैठक याच शब्दांत ठरली, तर जर्मनाला तासभर वाट पाहावी लागेल. आमच्या ऑफिसात म्हणूनच '०९:३०' असं लिहितात.

मराठी माणसाने याला हसू नये. 'साडे' आला 'सार्ध'वरून, म्हणजे अर्ध्यासह. हा हिशेब इंग्रजी धाटणीचा. पण 'अडीच' आला 'अर्धतृतीय'वरून, म्हणजे तिसरा अर्धा. हा थेट जर्मन धाटणीचा. दीडला जर्मन 'आंडरटहाल्प' म्हणतात आणि डच 'आंडरहाल्फ', म्हणजे दुसरा अर्धा. आपण दोन्ही हिशेब वापरतो आणि आपल्या ते गावीही नसतं.

५. ध्वनीचे नियम शिकावेत. पाहुणा शब्द लगेच ओळखू येतो.

इंग्रजी-डचमधल्या 'ट'च्या जागी जर्मनमध्ये 'त्स' किंवा 'स' येतो: टेन, टीन, त्सेन. 'ड'च्या जागी 'ट' येतो: डे, डाख, टाग. याकोब ग्रिम यांनी १८२२ मध्ये असे बदल नियमात बांधून दाखवले. परीकथा गोळा करणारे भाऊ, त्यांतलेच हे.

आता बहिरा हा शब्द घ्या. इंग्रजी 'डेफ', डच 'डोफ', जर्मन 'टाउब'. नियम तंतोतंत लागू. मग जर्मन लोक 'डोफ' म्हणतात तो शब्द कुठला? तो उत्तरेच्या बोलीतून आलेला पाहुणा आणि त्याचा अर्थ मूर्ख. 'माझी आजी डोफ आहे' असं डच नातू म्हणाला, तर जर्मन माणूस चपापणारच. 'डम'ची कथाही तशीच: इंग्रजीत मुळात मुका, तर डच 'डोम' आणि जर्मन 'डुम' म्हणजे मूर्ख. ज्याला ऐकू येत नाही किंवा बोलता येत नाही, त्याला अक्कल नाही असं समाजाने ठरवून टाकलं आणि शब्दांनी त्याची नोंद ठेवली. शब्दकोशात अन्यायही सापडतो, तो असा.

६. भाषांतरित शब्दाची जास्त धास्ती बाळगावी.

जर्मन 'उंटरनेमर' आणि डच 'ऑंडरनेमर' म्हणजे उद्योजक. त्याचे तुकडे इंग्रजीत ठेवले की 'अंडरटेकर' होतो, म्हणजे अंत्यविधीची व्यवस्था पाहणारा. कंपनीच्या माहितीपत्रकात असं छापलं गेलं, तर गुंतवणूकदार येण्याआधीच उठतील.

७. लोकांची नावंही तपासावीत.

'डच', 'डॉइच' आणि 'डाउट्स' हे एकाच मुळाचे. अर्थ 'लोकांची', म्हणजे लॅटिन नसलेली, भाषा. इंग्रजांनी एकेकाळी सगळ्यांनाच डच म्हटलं आणि पुढे ते नाव समुद्रापलीकडच्या शेजाऱ्यापुरतं ठेवलं. त्या शेजाऱ्याच्या भाषेत 'डाउट्स' म्हणजे जर्मन. अमेरिकेतले 'पेनसिल्व्हेनिया डच' तर मुख्यतः जर्मन वंशाचे. मराठीने हा घोळ टाळला तो पोर्तुगिजांमुळे: त्यांच्या 'ओलांदेज'वरून आपल्याकडे 'वलंदाज' आला. वेंगुर्ल्याला वखार होती ती या वलंदाजांची.

या भाषा शिकणाऱ्यांनी एवढं करावं: नवा शब्द वहीत लिहिताना त्याचं लिंग आणि एक पूर्ण वाक्य सोबत लिहावं. आणि तिन्ही भाषांत सारखा दिसणारा शब्द भेटला, तर तिन्ही शब्दकोश उघडावेत. आळस फक्त अनोळखी शब्दांच्या बाबतीत परवडतो, कारण ते आपल्याला फसवत नाहीत.