ओल एकीकडे, गळती दुसरीकडे

सोसायटीच्या फाटकापाशी बसवलेल्या मीटरपासून आतल्या जमिनीखालच्या टाकीपर्यंत जाणारी पाण्याची लाइन कुठेतरी झिरपायला लागली, की पहिली कुदळ पडते ती जिथे ओल दिसते तिथेच. माझं सांगणं नेमकं याच्या उलट आहे. ओल हा गळती असल्याचा पुरावा असू शकतो. ती कुठे आहे याचा पुरावा तो नव्हे. पाइप टाकताना जो चर खणतात तो नंतर भुसभुशीत मातीने आणि वाळूने भरला जातो, आणि आजूबाजूची जमीन मात्र घट्टच राहते. पाइपमधून निघालेलं पाणी त्या चरातूनच उताराकडे सरकत जातं आणि जिथे वाट अडते तिथे वर येतं. ही वाट अडवणारी गोष्ट म्हणजे कधी कंपाउंडच्या भिंतीचा पाया असतो, कधी ड्रेनेजचं चेंबर, कधी काँक्रीटचा तुकडा. मुरुमात पाणी खाली जिरतं आणि वर काहीच दिसत नाही. काळ्या मातीत ते धरून राहतं, माती फुगते, पेव्हर ब्लॉक उचलले जातात, आणि डाग दिसतो तो मूळ जागेपासून पाच-दहा मीटर पलीकडे. म्हणून आधी मोजा, मग लाइनचे तुकडे पाडून बघा, आणि कुदळ सर्वांत शेवटी हातात घ्या. हा क्रम मोडला की एकाचे चार खड्डे होतात, आणि चौथ्या खड्ड्यात चांगला पाइप फुटतो.

मोजायचं कसं, तर मीटरनेच. बहुतेक मीटरच्या तबकडीवर आकड्यांखेरीज एक छोटी चांदणी किंवा त्रिकोणी चकती असते. अगदी थोडं पाणी गेलं तरी ती फिरते. पाणी आल्यावर टाकीच्या तोंडाशी असलेला व्हॉल्व्ह बंद करायचा, मध्ये कुठे नळ असेल तर तोही बंद, आणि त्या चकतीकडे बघत बसायचं. ती फिरत असेल तर पाणी मीटर आणि टाकी यांच्या मधेच कुठेतरी जातं आहे. यावर हमखास आक्षेप येतो, की आमच्याकडे पाणी दोनच तास येतं, चाचणीला वेळ कुठून आणायचा. चाचणीला पंधरा मिनिटं पुरतात, पण ती पाणी सुरू झाल्या झाल्या करू नका. रिकाम्या लाइनमधली हवा पुढे ढकलली जाते तेव्हा मीटर हवेवरही फिरतो. पाणी एकसारखं यायला लागलं की मग वाचन घ्या. दुसरी फसगत जुन्या गेट व्हॉल्व्हची. चाक घट्ट फिरलं तरी आतली झडप नीट बसलेली नसते, आणि मीटर फिरतो तो त्या फटीतून टाकीत पडणाऱ्या पाण्यामुळे. टाकीचं झाकण उघडून टॉर्चच्या उजेडात पाइपचं तोंड बघा. तिथून बारीक धार पडत असेल तर तुमची चाचणी लाइनची झालीच नाही, व्हॉल्व्हची झाली.

शिवाय लाइनवर आळ घेण्याआधी टाकी तपासली पाहिजे, कारण जमिनीखालच्या टाकीच्या भिंतीला गेलेली बारीक चीरसुद्धा हुबेहूब तशीच ओल दाखवते. रात्री पंप आणि येणारं पाणी दोन्ही बंद असताना पाण्याच्या पातळीवर खडूने रेघ ओढा, आणि सकाळी पंप लावण्याआधी पुन्हा बघा. टाकी आतून 3 मीटर लांब आणि 2 मीटर रुंद असेल तर पातळी 1 सेंटिमीटरने उतरणं म्हणजे 60 लिटर पाणी जाणं. सहा तासांत तेवढं गेलं तर दिवसाला 240 लिटर. खडूची एक रेघ इतकं सांगते, आणि तिला खर्च काही नाही.

बाहेर आलेलं पाणी कुणाचं, हाही प्रश्न आधी सोडवावा. ग्रामपंचायतीत क्लोरीन बघायला वापरतात ती ओटी टेस्ट इथेही कामाला येते. खळग्यातलं पाणी नळीत घेऊन थेंब टाकले आणि पिवळा रंग आला, तर ते नळाचं पाणी आहे असं समजायला हरकत नाही. रंग आला नाही तर मात्र काहीच सिद्ध होत नाही, कारण मातीतून येताना क्लोरीन संपून जातं. परिसरात बोअरवेल असेल तर टीडीएस मीटरने नळाचं, बोअरचं आणि ओलीतलं अशी तिन्ही पाणी तपासून आकडे शेजारी शेजारी मांडा. धरणाच्या पाण्याचा आकडा सहसा कमी असतो आणि बोअरचा त्याच्या कितीतरी पट. माती आपले क्षार त्यात मिसळते, म्हणून या आकड्यांवरून अंदाज बांधावा, निकाल देऊ नये.

गळती लाइनमध्येच आहे हे ठरल्यावर तिचे तुकडे पाडायचे. 40 मीटरची लाइन मधोमध अडवता आली, तर कुठल्या 20 मीटरमध्ये दोष आहे ते एका चाचणीत कळतं. दुसऱ्या चाचणीत 10 मीटर उरतात, तिसऱ्यात 5. मध्ये व्हॉल्व्हच नाही, ही अडचण खरी आहे. पण पहिला खड्डा खणायचाच असेल तर तो डागावर न खणता लाइनच्या मध्यावर खणा आणि तिथे युनियन लावून एक व्हॉल्व्ह कायमचा बसवा. त्या खड्ड्यात गळती सापडली नाही तरी तो वाया जात नाही. पुढची वीस वर्षं तो व्हॉल्व्ह उपयोगी पडतो. खणण्याआधी विजेची केबल कुठून गेली आहे ते मात्र विचारून घ्या. उरलेल्या पाच मीटरमध्ये संशय धरावा तो सांध्यांवर. जीआय पाइपला आटे पाडताना जस्ताचा थर कापला जातो, म्हणून गंज तिथूनच सुरू होतो. एल्बो, टी, भिंतीतून पाइप जातो ती जागा, गाड्या वळतात तो फाटकाचा भाग, हे आधी बघावेत.

कानाने गळती शोधणं ही जुनी विद्या आहे आणि ती खरी आहे. लोखंडी दांडा किंवा लांब स्क्रूड्रायव्हर व्हॉल्व्हवर टेकवून मूठ कानाशी धरली, तर दाबाने निसटणाऱ्या पाण्याची सू-सू ऐकू येते. पण लाइनमध्ये दाब असेल तेव्हाच, म्हणजे पाण्याच्या वेळेतच. धातूचा पाइप हा आवाज लांबवर नेतो, पीव्हीसी आणि एचडीपीई तो गिळून टाकतात. यंत्र घेऊन येणाऱ्यांनाही हीच मर्यादा आहे. दोन टोकांना सेन्सर लावून आवाजाच्या वेळेतल्या फरकावरून जागा काढणारं यंत्र चांगलंच, पण कमी दाबाच्या प्लास्टिकच्या लाइनवर त्यालाही आवाज मिळत नाही. आधी पाच मीटरपर्यंत आलेला माणूस यंत्राला नेमकी जागा दाखवू शकतो.

या सगळ्यावरचा सर्वांत मोठा आक्षेप म्हणजे एवढीशी गळती, जाऊ द्या, पाणी जमिनीतच तर मुरतंय. याचं उत्तर आकड्यांतच आहे. मिनिटाला 100 मिलिलिटर, म्हणजे टपरीवरचा साधारण एक कटिंग ग्लास. लाइनला चोवीस तास दाब असेल तर दिवसाचे 144 लिटर होतात. शहरात माणशी रोज 135 लिटर हा पाणीपुरवठ्याचा मापदंड आहे, म्हणजे एका माणसाचं पूर्ण पाणी गेलं. पाणी दोनच तास येत असेल तर नुकसान फक्त 12 लिटरचं, आणि इथेच लोक निश्चिंत होतात. मला ही निश्चिंती सगळ्यांत घातक वाटते. कारण उरलेले 22 तास तेच भोक रिकाम्या पाइपला उघडं असतं. पाणी बंद झाल्यावर लाइन उताराकडे रिकामी होते, आत ओढ निर्माण होते आणि बाहेरचं साचलेलं पाणी आत शिरतं. शेजारून ड्रेनेज जात असेल तर काय शिरतं ते सांगायला नको. कावीळ, टायफॉइड, कॉलरा याच वाटेने घरात येऊ शकतात. पाणी आल्यावर पहिली काही मिनिटं गढूळ येत असेल किंवा वास येत असेल, तर बिलाचा आकडा कितीही लहान असो, पाणी उकळून प्या आणि त्याच दिवशी शोधाला लागा.

दुसरा आक्षेप मात्र मला अर्धा मान्य आहे, तो म्हणजे शोधत बसण्यापेक्षा सरळ नवी लाइन टाका. तीन-चारदा गळलेली, गंजून सोलपटलेली जीआय लाइन असेल तर खरंच नवीच टाकावी, आणि जमेल तिथे ती ड्रेनेजपासून दूर आणि त्याच्या वरच्या पातळीवरून न्यावी. पण मोजमाप न करता हा खर्च केला आणि दोष टाकीत निघाला, तर नव्या पाइपशेजारीच जुनी ओल कायम राहते.

दुरुस्तीत सायकलच्या ट्यूबची पट्टी आवळून बांधणं हा एका रात्रीचा इलाज आहे. ती मातीखाली पुरू नका. कुजलेला तुकडा कापून काढा, नवा घाला, लाइनमध्ये ब्लीचिंग पावडरचं पाणी काही वेळ ठेवून ते टाकीत जाऊ न देता बाहेर सोडून द्या. भिंतीच्या कोपऱ्यापासून सांध्यापर्यंतची अंतरं टेपने मोजून कागदावर लिहा आणि तो कागद सोसायटीच्या फाइलला लावा. एक भोक बुजलं की दाब वाढतो आणि आजवर गप्प बसलेला दुसरा कच्चा सांधा बोलू लागतो. म्हणून खड्डा उघडा असतानाच टाकीचा व्हॉल्व्ह पुन्हा बंद करा आणि मीटरची ती छोटी चकती पंधरा मिनिटं बघा. ती जागची हलली नाही, तरच माती लोटा.