हिरव्याचा शेजार

प्रश्न : मी हौसेनं जलरंगात निसर्गचित्रं काढतो. पावसाळ्यातली भातशेती रंगवायला घेतली की ट्यूबमधला हिरवा भडक, कच्चा दिसतो. तो शांत करायला आणखी रंग मिसळत गेलो की सगळं गढूळ होतं. कोणता रंग कोणाशी जुळतो, याचा एखादा तक्ता असतो का?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : तक्ते मिळतात, पण तुमचं अडलंय ते तक्त्याच्या बाहेर. तुमच्या हिरव्यापेक्षा मला त्याच्या शेजाऱ्याची काळजी वाटते.

पॅरिसमध्ये गोबलँ नावाचा भित्तिपट विणणारा प्रसिद्ध कारखाना आहे. मिशेल शेव्रल हे रसायनशास्त्रज्ञ 1824 पासून तिथल्या रंगाई विभागाचे प्रमुख होते. काळी लोकर फिकी दिसते, अशी तक्रार त्यांच्याकडे आली. त्यांनी लोकर तपासली, तर रंग उत्तम बसलेला. ती विणली जात होती निळ्या-जांभळ्या धाग्यांच्या शेजारी, आणि त्या शेजारानं काळ्याचा जोर जात होता. यावर त्यांनी 1839 मध्ये मोठा ग्रंथच लिहिला. घरी करून बघा : तांबड्या कापडाकडे अर्धा मिनिट टक लावून पाहा आणि नजर पांढऱ्या भिंतीवर न्या. भिंतीवर हिरवट-निळसर डाग तरंगेल. म्हणजे तांबड्याच्या शेजारी डोळा स्वतःहूनच थोडा हिरवा पुरवतो. हिरव्या लुगड्याला तांबडे काठ का खुलतात, तेही यातच आलं.

आता तुमच्या खिडकीबाहेर बघा. कोकणातल्या हिरव्याला जांभ्याचा शेजार आहे! तांबडी पायवाट, भिजलेली कौलं, जांभ्याचा गडगा. आपण उत्साहानं कागदभर हिरवा पसरतो आणि हा तांबडा शेवटी, उरलेल्या जागेत, घाबरत घाबरत लावतो. तोवर हिरवा एकटा पडून ओरडायला लागलेला असतो.

गढूळपणाचं कारण वेगळं. प्रत्येक रंगद्रव्य प्रकाशाचा काही भाग गिळतं. चार-पाच द्रव्यं एकत्र आली की परत यायला प्रकाशच फारसा उरत नाही. म्हणून एका मिश्रणात दोन, फार तर तीन द्रव्यं घ्या. ओल्या रंगात कुंचला पुन्हा पुन्हा फिरवणंही टाळा.

तयार हिरव्या ट्यूबा काही दिवस डब्यातच राहू द्या. लेमन यलो, प्रशियन ब्लू, अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सायना, एवढ्या चारच बाहेर काढा. लेमन यलो आणि थोडा प्रशियन ब्लू यांतून तरव्याचा कोवळा पोपटी मिळतो. निळ्याच्या जागी अल्ट्रामरीन घेतलात तर तोच हिरवा मवाळ होतो, कारण अल्ट्रामरीन मुळात तांबड्याकडे झुकलेला. आंब्या-फणसाच्या गर्द सावलीला प्रशियन ब्लूमध्ये सायना घाला. अल्ट्रामरीन आणि सायना मिळून ढगांचा करडा होतो, आणि नुसता सायना म्हणजे तुमची जांभ्याची वाट. एकच सायना वाटेत, झाडांच्या सावलीत आणि आभाळातही मुरतो. चित्रातले रंग एकाच कुळातले वाटतात ते यामुळे. माझ्या मते रंग जुळवण्याचं हे सर्वात भरवशाचं साधन आहे, रंगचक्रापेक्षाही.

एक चूक मात्र रंगांची नसतेच. डोळे किलकिले करून चित्र बघा. शेत, झाडं आणि डोंगर सारख्याच गडदपणाचे दिसत असतील, तर कितीही रंग बदला, चित्र सपाटच राहील. आधी पेन्सिलीनं पत्त्याएवढ्या चौकटीत उजेड-अंधार ठरवून घ्या.

पुढच्या वेळी क्रम उलटा करून बघा. पायवाट आणि कौलं आधी रंगवा, पुरती वाळू द्या. मग हिरव्याच्या तीन-चार छटा वेगळ्या कागदाच्या पट्टीवर लावून ती पट्टी त्या तांबड्याला टेकवून धरा. ट्यूबमध्ये साधी वाटणारी एखादी शेवाळी छटा तिथे पाऊस पडून गेल्यासारखी दिसेल. तीच घ्या.