घराचा कागद, घराचा पाया व घराची भिंत

सातारा व सांगली ह्या दोन जिल्ह्यांतील आपल्या वाचकांपैकी पुष्कळांच्या कुटुंबात स्वतःच्या पैशाने घर घेणारी वा बांधणारी ही पहिलीच पिढी आहे. वाडवडील गावकुसाबाहेर राहिले. ती जागा कोणाच्या नावची, हे त्यांस कोणी सांगितले नाही व त्यांनीही विचारले नाही. आता मुलगा शाळामास्तर होतो, मुलगी मिरजेस परिचारिका होते, चार पैसे शिल्लक पडतात, आणि आपले असे एक घर असावे ही इच्छा उत्पन्न होते. इच्छा योग्यच आहे. परंतु अशा वेळी बैठकीच्या खोलीस रंग कोणता द्यावा ह्याची चर्चा आधी होते आणि कागदाची मागाहून. तो क्रम उलटावा, एवढ्यासाठी हा पाठ लिहिला आहे.

शंभर रुपये वा त्याहून अधिक किमतीची स्थावर मिळकत विकत घ्यावयाची तर ती नोंदलेल्या खरेदीखतानेच घेता येते. मालमत्ता हस्तांतरणाचा १८८२ चा कायदा व नोंदणीचा १९०८ चा कायदा ह्या दोहोंचा ह्या बाबतीत एकच सूर आहे. साध्या मुद्रांकावर दोन साक्षीदारांच्या सह्या घेतल्या, नोटरीचा शिक्का मारला, पेढे वाटले, तरी मालकी येत नाही. साठेखत हेही खरेदीखत नव्हे. ते पुढे विकत देण्याचे वचन होय. खरेदीखतावर सह्या झाल्या म्हणजे चार महिन्यांच्या आत ते दुय्यम निबंधकाकडे नोंदणीस दाखल करावे लागते. त्यानंतर फेरफार मंजूर होऊन दप्तरी आपले नाव लागले की नाही, हे स्वतः जाऊन पाहावे. पैसे दिल्यावर हे पाहण्याचा कंटाळा करणारे लोक फार आहेत.

ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा हाती असला म्हणजे घर आपले झाले, अशी खेड्यांत सार्वत्रिक समजूत आहे. ती चुकीची होय. नमुना ८ हे घरपट्टीचे दप्तर आहे. पट्टी कोणाकडून वसूल करावी एवढेच ते सांगते. शेतजमिनीस सात-बारा व गावठाणातील घरास मिळकत पत्रिका हे पाहण्याचे खरे कागद. सात-बारावरील ‘इतर हक्क’ हा रकाना आधी वाचावा, कारण सोसायटीचा वा बँकेचा बोजा तेथेच लिहिलेला असतो. गावठाणातील घरांस पूर्वी पुष्कळ गावी असा कागदच नव्हता. २०२० साली सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोन नावाच्या उडत्या यंत्राने गावठाणांची मोजणी करून अशा पत्रिका देण्यात येत आहेत. आपल्या गावची मोजणी झाली असेल तर पत्रिकेवरील नाव व क्षेत्र तपासून घ्यावे, आणि चूक असल्यास लगेच लेखी हरकत द्यावी. प्रचारक बंधूंनी एखाद्या रविवारी दुपारी सर्वांस आपापले उतारे घेऊन बसवावे व ते मोठ्याने वाचून दाखवावे. ज्यांस अक्षरओळख नाही त्यांच्या ट्रंकेत कधी कधी मृत आजोबांच्या नावचाच कागद निघतो.

ह्याहून नाजूक प्रकरण वतनाच्या जमिनीचे. महार वतनाच्या जाचाविरुद्ध डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडले होते. कनिष्ठ गाव वतने प्रत्यक्ष नाहीशी झाली ती १९५८ च्या कायद्याने. त्यानंतर वतनदारांस जमिनी परत मिळाल्या, पण त्यांच्या हस्तांतरणावर निर्बंध राहिले. सात-बारावर ‘भोगवटादार वर्ग २’ असे असेल तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी व लागू असेल तो नजराणा ह्यांवाचून त्या जमिनीची विक्री पक्की होत नाही. विनापरवानगी व्यवहार झाल्यास सरकार ती जमीन काढून घेऊ शकते. येथे आपल्या लोकांची दोन्हीकडून फसगत होते. गरजू मनुष्य थोड्या पैशांत कागद लिहून देतो आणि बापाच्या जमिनीस मुकतो. आणि घर बांधण्याकरिता त्याच जमिनीतील एक-दोन गुंठे घेणाराही पुढे लटकतो. गुंठ्यागुंठ्याने शेतजमीन घेण्यास तुकडेबंदीचा १९४७ चा कायदा आड येतो. त्यात अलीकडे फेरबदल झाले आहेत, तरी तहसील कचेरीत विचारल्यावाचून विसार देऊ नये.

वारसाविषयी थोडे सांगितले पाहिजे. ख्रिस्ती मनुष्य मृत्युपत्र न करता वारला, तर १९२५ च्या भारतीय वारसा कायद्याप्रमाणे विधवेस एक-तृतीयांश व उरलेले दोन-तृतीयांश मुलांस जाते, आणि त्यात मुलगा व मुलगी ह्यांचा वाटा सारखा असतो. बहिणीस वाटा नाही असे म्हणणारे भाऊ आपल्या मंडळ्यांत आहेत. त्यांना हा नियम ठाऊक नसतो, अथवा ठाऊक असून आठवत नाही. दुसरी गोष्ट, १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याचे २६ वे कलम. ज्याने धर्मांतर केले त्याचा स्वतःचा वारसाहक्क त्या कलमाने जात नाही. परंतु धर्मांतरानंतर जन्मलेली त्याची मुले, वारसा उघडतेवेळी हिंदू नसतील तर, हिंदू नातलगांच्या मिळकतीचे वारस होऊ शकत नाहीत. सबब आजोबांच्या घराच्या भरवशावर आपले घर बांधण्याचे लांबणीवर टाकणाऱ्या तरुणांनी आधी वकिलाचा सल्ला घ्यावा. नवे घर होता होईल तो पतिपत्नी दोघांच्या नावे करावे. २०२१ पासून महाराष्ट्रात केवळ स्त्रीच्या नावे राहते घर घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्क्याची सूट मिळू लागली. ती आपल्या व्यवहारास लागू पडते की नाही, हे निबंधकाच्या कचेरीत विचारावे.

कागद झाला, आता जागा. आपले दोन जिल्हे नकाशावर शेजारी असले तरी आकाश सर्वत्र एक नाही. महाबळेश्वरास वर्षास साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि माण, आटपाडी, जत ह्या तालुक्यांत सुमारे पाचशेच. जावळीतील उतरत्या कौलांचे घर जतेस नेऊन उपयोग नाही व जतेचे धाबे जावळीत एक आषाढही काढणार नाही.

कृष्णाकाठी जागा घेणाऱ्याने उन्हाळ्यात नदी पाहून सौदा करू नये. सांगलीस आयर्विन पुलापाशी पाण्याची पातळी मोजतात. हा पूल १९२९ सालचा. तेथे ४० फूट ही इशाऱ्याची पातळी व ४५ फूट ही धोक्याची; २०१९ च्या ऑगस्टात पाणी ५७ फुटांच्या वर गेले. २००५ व २०२१ सालीही शहर व काठची गावे बुडाली. पाटबंधारे खात्याने निळी व लाल अशा दोन पूररेषा आखल्या आहेत. निळी रेषा ही साधारणपणे पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, आणि लाल ही शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची समजावी. निळ्या रेषेच्या आत बांधकामास मनाई आहे. दोहोंच्या मध्ये अटी आहेत. ‘शंभर वर्षांतून एकदा’ ह्याचा अर्थ उरलेली नव्याण्णव वर्षे निर्धास्त असा नव्हे. लागोपाठच्या दोन वर्षींही तसा पूर येऊ शकतो. जागा स्वस्त मिळते ती कशामुळे, हे शेजारच्या म्हाताऱ्या बाईस विचारावे. पाणी कोणत्या पायरीपर्यंत आले होते ते ती बोटाने दाखवील.

पाटणच्या डोंगरभागात धोका निराळा. २०२१ च्या जुलैत, अतिवृष्टीच्या एका रात्रीत, आंबेघर, मिरगाव व ढोकावळे येथे दरडी कोसळल्या व माणसे झोपेत गाडली गेली. घराच्या वरच्या उतारास नव्या भेगा पडणे, झाडे व खांब कलणे, कोरड्या जागी एकाएकी गढूळ झरा फुटणे, दारे-खिडक्या अडकू लागणे, ही लक्षणे दिसली तर भांडीकुंडी आवरीत बसू नये. उताराचा पायथा खणून घरास सपाटी काढणे हे तर दरडीस बोलावणेच होय.

काळ्या जमिनीचा स्वभाव सर्वांस ठाऊक आहे, कारण शेतातील भेगांत आपण लहानपणी काठ्या घातलेल्या असतात. ती पाण्याने फुगते व उन्हाने आकसते. घरही तिजबरोबर वरखाली होते व भिंतीस तिरप्या भेगा पडतात. त्या भेगा सिमेंटाने बुजविणे व्यर्थ. पाया मुरूम लागेपर्यंत खोल न्यावा, जोत्याभोवती तीन-चार फूट फरसबंदी करून पाणी दूर काढून द्यावे, आणि मोरीचे पाणी भिंतीच्या कडेस मुरू देऊ नये. मोठे झाडही भिंतीपासून दूर असावे, कारण त्याची मुळे पायाखालचा ओलावा ओढतात.

भिंतींविषयी ह्या भागास फार महाग धडा मिळालेला आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगरास भूकंप होऊन सुमारे १८० माणसे मेली. पुढे ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात लातूर व धाराशिव जिल्ह्यांत हजारो मेली. दोन्ही ठिकाणी मातीत रचलेल्या दगडी भिंतींनी घात केला. आपली जुनी भिंत म्हणजे वस्तुतः दोन भिंती: आतली एक व बाहेरची एक, आणि मध्ये भरलेले गोटे व माती. हादरा बसला की त्या दोन्ही विलग होतात. सबब दर दोन फूट उंचीवर, चार-चार फुटांच्या अंतराने, भिंतीच्या आरपार जाणारा एकच लांब दगड बसवावा; असा दगड न मिळाल्यास त्या जागी काँक्रीटचा ठोकळा घालावा. भिंतीची जाडी दीड फुटाहून अधिक नको. जाड भिंत बळकट असते हा भ्रम आहे. जोत्यावर, दारे-खिडक्यांच्या माथ्यावर व छपराखाली सळईचा काँक्रीट पट्टा घराभोवती न तुटता फिरवावा, आणि कोपऱ्यापासून दोन फुटांच्या आत दार वा खिडकी काढू नये. लाकडी खांबांवर व तुळयांवर ज्या घरांचे छप्पर तोललेले असते त्यांत भिंत ढासळली तरी छप्पर उभे राहण्याची आशा असते. म्हणून खांब सडले म्हणून काढून टाकण्याऐवजी बदलावे.

धाब्याच्या घरात दरवर्षी जुन्या मातीवर नवी पांढरी माती लोटतात. वीस वर्षांत ते ओझे किती होते ह्याचा हिशेब कोणी करीत नाही. नवा थर देण्यापूर्वी जुना खरवडून उतरवावा. त्याच धाब्यावर उन्हाळ्यात मुले निजतात, आणि मोशेच्या नियमशास्त्राने तर सपाट छपरास कठडा बांधण्याची आज्ञाच केली आहे. आपल्याकडे मात्र ती कोणी घरबांधणीस लावून वाचलेली दिसत नाही.

सिमेंटाचे घर बांधणाऱ्यांस एकच विनंती. स्लॅब घातल्यावर निदान दहा दिवस तो ओला ठेवावा. गवंडी निघून जातो. पाणी मारण्याचे काम घरधन्याचे आहे, आणि त्यात वाचविलेले श्रम पुढे गळतीच्या रूपाने परत भेटतात.

आता शोभा. खेड्यातील दगडमातीच्या भिंतीस तैलरंग देण्याची जी हौस पसरली आहे ती आम्हांस पसंत नाही. तैलरंगाने भिंतीचा ओलावा आतच कोंडतो व दोन पावसाळ्यांत पापुद्रे सुटतात. चुन्याची सफेदी स्वस्त, स्वच्छ, आणि तिच्या दाहकतेमुळे बुरशीस मारक. कळीचा चुना भिजवून, निथळून, फडक्यातून गाळून त्यात थोडा डिंक व चिमूटभर नीळ घालावी, आणि दाट एक हात देण्यापेक्षा पातळ तीन हात द्यावे. चुना भिजताना उकळतो. मुलांस जवळ येऊ देऊ नये, डोळ्यात उडाल्यास तत्काळ पुष्कळ पाण्याने धुऊन दवाखाना गाठावा. खाली गेरूचा पट्टा ओढला की खोली नीटस दिसते. भिंतीत कोनाडे व एक फडताळ असेल तर सामान जमिनीवरून उठते व झाडणे सोपे जाते.

चुलीच्या वर धुराडे अथवा निदान समोरासमोर दोन झरोके हवेत. गॅसची शेगडी असल्यास टाकी उभी, व शेगडी तिच्याहून उंच ओट्यावर असावी. हा वायू हवेहून जड असल्याने गळल्यास जमिनीलगत साठतो; त्याला वाट मिळण्यास भिंतीच्या तळाशी जाळीचे भोक ठेवावे. रात्री वास आल्यास दिव्याचे बटण दाबू नये, दार उघडावे.

देखरेखीचा काळ चैत्र-वैशाख. कौले उतरवून, फुटकी काढून, घर शाकारावे. वळचणीचे पाणी भिंतीपासून दूर पडते की नाही हे पहिल्या वळवाच्या सरीतच पाहावे. सरपण भिंतीस लावून रचू नये, कारण वाळवी त्यातूनच तुळईपर्यंत चढते. मातीची बारीक नळी भिंतीवर दिसली की ती मोडून तिचे मूळ शोधावे. संडासाचे शोषखड्डे दोन असावेत. एक भरला की तो झाकून दुसरा चालू करावा व पहिला एक-दोन वर्षे तसाच ठेवून मग उपसावा. खड्डा विहिरीपासून निदान तीस-पस्तीस फूट दूर पाहिजे. आणि नोंदलेले खरेदीखत, पट्टीच्या पावत्या व पत्रिका ह्यांची एक-एक प्रत दुसऱ्या गावच्या विश्वासू नातलगाकडे ठेवावी. २०१९ च्या पुरात कित्येकांच्या पेट्यांबरोबर कागदही गेले.